व्यंकूची हिरवी टिकली

आमच्या घरातला सगळ्यात कुरकुरीत डोसा ज्याच्या ताटात पडतो तो व्यंकोजी. मी नाही. मी कल्याणराम अप्पांची एकुलती एक मुलगी कीर्ती, बी.एस्सी. सेकंड इयर, आणि डोसा मात्र पुतण्याला. माझा चुलत भाऊ आहे, बावीस वर्षांचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तरी मी त्याला आजवर अण्णा म्हटलेलं नाही. व्यंकू. बस.

घरात व्यंकू, बाहेर वेंकट. दुचाकीच्या शोरूममध्ये सर्व्हिसला आहे, तिथल्या निळ्या शर्टावर पण वेंकटच शिवलंय, कारण व्यंकोजी म्हटलं की कुंभकोणमचे लोक दोनदा विचारतात आणि मग म्हणतात, "नॉर्थ इंडियन का?" साडेतीनशे वर्षं झाली आम्हा मराठी लोकांना इथे येऊन, तरी. मी भांडते, तो हसतो. हसला की समोरच्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हे त्याचं मला फार लागतं. मी भांडून जे मिळवते ते याला नुसतं हसून मिळतं.

आणि त्याचे कान. गल्लीच्या तोंडाशी कुणाची गाडी आली की हा आतल्या खोलीतून जेवता जेवता ओरडतो, "सुंदरी मामी, चेन सैल झालीय, उद्या सोडा माझ्याकडे!" आणि खरंच सैल असते. सगळ्या गल्लीच्या गाड्या तो बघतो, म्हाताऱ्यांचे पाण्याचे कॅन वर चढवून देतो, मग सगळ्याजणी लाडाने "वेंकट कण्णा, वेंकट कण्णा" करतात. एक गोष्ट मात्र फक्त मला दिसायची. कॅन घेऊन जिना चढला की तिसऱ्या-चौथ्या पायरीवर हा बसायचा. विचारलं तर म्हणायचा, चप्पल नीट करतोय. साध्या रबरी चपलेत नीट करायला असतं काय? मला वाटायचं, आळशी आहे, आणि हे कुणाला दिसत नाही.

त्याची गोष्ट सांगायची तर रविशंकर काकापासून सांगायला पाहिजे.

आमचं भजनी मंडळ आहे, पाच पिढ्यांचं, आता अप्पा त्याचे भागवतर, म्हणजे पुढे उभं राहून गाणारे. बाकी दिवस ते ईबी, म्हणजे वीज मंडळाच्या ऑफिसात मीटरांचे आकडे तपासतात. दर एकादशीला संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये दिव्यनाम असतं. मधोमध मोठी समई पेटवायची, तिच्याभोवती फेर धरायचा आणि नाम घेत घेत फिरायचं, आधी सावकाश, मग जलद, शेवटी नुसत्या उड्या. आणि दिवसभर उपास, तो पण आमच्याकडे निर्जळी, पाण्याचा थेंब नाही. अकरा वर्षांपूर्वी अशाच एकादशीला अप्पांचे धाकटे भाऊ रविशंकर काका फेरात नाचता नाचता समईपाशी कोसळले आणि ऑटो येईपर्यंत गेले. अडतीस वर्षांचे. रडण्याआधी लोकांनी हात जोडले. असं मरण कुणाला मिळतं, नाचता नाचता विठ्ठलापायी गेले! हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे, दर एकादशीला त्याला ताजा हार. मीनाक्षी काकूंना आजही बायका भाग्यवान म्हणतात. काकू तेव्हापासून मुलाला घेऊन आमच्याकडे मागच्या दोन खोल्यांत राहतात, ब्लाऊज शिवतात आणि भाग्यवान म्हटलं की मशीन जोरात चालवतात.

तर या काकांचा मुलगा व्यंकू. सतरा वर्षांचा झाल्यापासून त्याला भाव येतो.

म्हणजे कसं, फेर जलद झाला की त्याचा चेहरा पांढरा पडतो, घामाने निथळतो, उजवा हात छातीवर जातो, डोळे वर, आणि मग तो हळूच गुडघ्यावर येतो किंवा सरळ आडवा होतो. पाच-दहा सेकंद. मग डोळे उघडतो आणि हसतो. तेवढ्यात चार-पाच जणांनी त्याच्या पायाला हात लावलेला असतो. पायाला! पासष्ट वर्षांच्या माणसांनी! अप्पांच्या डोळ्यांतून धारा. "रवीच आलाय, माझा रवीच." आणि मी, जिला मंडळाचे एकशे बारा अभंग तोंडपाठ, जी सूर पकडून देते म्हणून अप्पांचं गाणं उभं राहतं, तिला काय ऐकायला मिळतं? "कीर्ती, समईत तेल घाल गो."

एकदा मी पण भाव आणायचा प्रयत्न केला. खरंच. डोळे मिटले, मान मागे टाकली, जरा डुलले. सुंदरी मामीने बाजूने कोपर मारलं, "काय गे, झोप आली काय?"

तर असं. पाच वर्षं मी हे बघत होते आणि पोटात आग घेऊन तेल घालत होते.

या वर्षी त्याने फायर सर्व्हिसचा फॉर्म भरला. लहानपणापासूनचं त्याचं हेच वेड, शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर सगळीकडे लाल गाड्या. लेखी परीक्षा पास झाला. पुढे शारीरिक चाचणी, पंधराशे मीटर पळणं, दोरावर चढणं, लांब उडी, दोन महिन्यांत. अप्पांनी त्याला पळायचे बूट आणले, निळे, नऊ नंबरचे. आणि महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत, खतांच्या दुकानाच्या वर, नवीन जिम निघालीय, तिथे नाव घालायचं ठरलं. मी लगेच म्हटलं मी पण. अप्पा म्हणाले, "तुज कशास?" मी म्हटलं, "त्याला कशास?" अम्मा म्हणाली, जाऊ दे, दोघं जा.

त्या जिममध्ये पैसे भरले की आत असं नव्हतं. दारातच टेबल, टेबलावर बीपीचं मशीन, आणि मागे नागलक्ष्मी मॅडम. त्या फिजिओ. लोक डॉक्टर म्हणाले की लगेच, "डॉक्टर नाही, फिजिओ." त्यांचा नियम असा की रविवारी सकाळी येऊन फॉर्म भरायचा, तपासून घ्यायचं, मगच मशीनला हात लावायचा. एक जाडजूड मुलगा आमच्यापुढे वाद घालत होता, "मॅडम, मी वजन उचलायला आलोय, मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न काय विचारता?" त्या म्हणाल्या, "मुलीकडचे तरी नंतर चालवून घेतील. हृदय नाही घेणार. लिही."

तमिळमध्ये छापलेला फॉर्म. डॉक्टरांनी कधी हृदयाचं काही सांगितलंय का. श्रम करताना छातीत दुखतं का. स्वस्थ बसलेलं असताना दुखतं का. चक्कर येऊन तोल गेलाय का, शुद्ध हरपलीय का. दमा, साखर, बीपीच्या गोळ्या, हाडं-सांधे. घरात कुणाला हृदयाचा आजार, कुणी लहान वयात अचानक गेलंय का. मग त्या बीपी बघतात, नाडी मोजतात, लाकडी पायरीवर तीन मिनिटं चढ-उतर करायला लावतात आणि परत नाडी. शेवटी फाईलवर टिकली. हिरवी म्हणजे उद्यापासून या. पिवळी म्हणजे डॉक्टरचं पत्र आणा, तोवर फक्त चालणं. तांबडी म्हणजे आधी हॉस्पिटल.

मी खरं लिहिलं. लहानपणी मला दम लागायचा, दहावीपर्यंत पंप घ्यायचे, थंडीत अजून छाती वाजते. लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस," आणि पिवळी टिकली.

व्यंकूचा फॉर्म मी तिरक्या नजरेने बघितला. नाही, नाही, नाही, नाही. सगळ्या नाहींवर एका ओळीत टिक, शोरूममध्ये गाडीचं जॉबकार्ड भरल्यासारखं. छातीत दुखतं? नाही. शुद्ध हरपते? नाही. घरात अचानक मृत्यू? नाही. तीन मिनिटं पायरी चढला, सकाळी इडल्या हाणून, दोन तांबे पाणी पिऊन आलेला. मॅडम नाडी धरून म्हणाल्या, "जरा जास्त वाटते." हा हसला. "मॅडम, जिना पळत चढलो ना." त्याचं ते हसणं. हिरवी टिकली.

आता एक सांगते, तो खोटं बोलत नव्हता. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. फॉर्मात विचारलं होतं दुखण्याबद्दल. त्याला दुखणं नव्हतंच, त्याला भाव होता. आमच्यात कुणीही असंच लिहिलं असतं. काका आजाराने गेले असं आमच्या घरात आजवर कुणी बोललेलंच नाही, मग फॉर्मात काय लिहिणार, विठ्ठल?

घरी आल्यावर अप्पांनी दोघांच्या फाईली हातात घेतल्या. मोबाईलवर कुणाकुणाला फोन. "आमच्या व्यंकूस हिरवी दिली!" जाऊन अशोका हलवा घेऊन आले, अजून गरम, तूप सुटलेला. मला पण दिला, चमच्याभर. आणि देता देता म्हणाले, "अगो, त्याच्या छातीत विठ्ठल बसलाय, त्याला कसली तपासणी? तुज मात्र मापून घालावं लागतं, जिने चढ आता मोजून." अम्मा हसली. व्यंकू पण हसला, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "पिवळे, उद्या माझी बाटली भरून ठेव गे."

पिवळे.

मी चमचा ठेवला, स्कूटरची चावी घेतली आणि निघाले. कुठे जातेस म्हणून अम्मा विचारत राहिली. गांधी पार्कच्या सिग्नलला थांबले ते पण रडत. मनात एकच, मी खरं लिहिलं म्हणून पिवळी आणि तो लोळतो फेरात, त्याला हिरवी. मला त्याची हिरवी काढायची होती. एवढंच. बाकी काही नाही, त्याच्या जीवाची काळजी वगैरे माझ्या मनात नव्हती, उगाच कशाला लिहू.

मॅडम शटर ओढायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, "सकाळचा एक फॉर्म खोटा आहे."

"कुणाचा?"

"वेंकटचा. तो पडतो. बेशुद्ध होऊन पडतो आणि तुम्ही त्याला हिरवी दिलीत."

त्यांनी शटर सोडलं. आत बोलावलं. बसवलं. "कधी पडतो?"

"एकादशीला. नाचताना."

"यंदा किती वेळा?"

"चार. लोक पाया पडतात त्याच्या." हे मी का सांगितलं कोण जाणे, त्या हसतील असं वाटलं. त्या हसल्या नाहीत.

"पडायच्या आधी?"

"छातीवर हात ठेवतो. पांढरा पडतो. घाम."

"एकादशीला खातो काय?"

"काहीच नाही. पाणी पण नाही. सकाळपासून."

त्या लिहीत होत्या. मान वर न करता विचारलं, "वडील आहेत?"

आणि मी ते वाक्य म्हटलं, जे मी आठ वर्षांची असल्यापासून म्हणत आलेय, पाहुण्यांना, शाळेत, सगळ्यांना, छाती काढून. "नाचता नाचता विठ्ठलापायी गेले." पहिल्यांदा ऐकलं मी ते, आपण काय बोलतोय ते.

"वय?"

"अडतीस."

मॅडमनी व्यंकूची फाईल काढली आणि हिरवी टिकली नखाने खरवडली. ती नीट निघेना, अर्धी तिथेच राहिली. तिच्यावर त्यांनी तांबडी लावली.

हेच तर पाहिजे होतं मला. तरी मी म्हटलं, "मॅडम, मी जळून सांगितलं हो. माझं त्याच्याशी पटत नाही. असेलच असं नाही."

त्या म्हणाल्या, "कशासाठी सांगितलंस ते लिहायला या फॉर्ममध्ये जागा नाही." आणि फोन उचलला.

मी घरी पोचायच्या आत फोन घरी पोचला होता. दारातच व्यंकू. हसत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा न हसता बघितला, काकांच्या फोटोसारखा दिसतो तो.

"तू सांगितलंस?"

"हो."

"काय मिळालं गे तुला? दोन महिन्यांवर चाचणी आहे माझी. तुला ठाऊक आहे ना?"

अप्पा पुढे आले. "भावास रोग म्हणून सांगून आलीस? परक्या बाईस? पाच पिढ्यांत कुणी असं बोललं नाही. एवढी जळतेस त्याच्यावर?"

मी म्हटलं, "हो, जळते! पण तो पडतो का नाही सांगा! तुम्हीच सांगा!"

"तो पडत नाही, तो भाव आहे!"

"मग एकादशीलाच का येतो? शनिवारच्या भजनात का नाही येत? पाणी प्यायलेलं असताना का नाही येत?"

हे मी विचार करून नाही बोलले, तोंडातून गेलं. व्यंकू म्हणाला, "टेस्ट-बिस्ट मी करणार नाही. मला काही झालेलं नाही. बुधवारी एकादशी आहे, या सगळ्यांसमोर नाचून दाखवतो, मग बघू."

त्या रविवारी मला कळलं की तांबडी टिकली लावणं सोपं आहे. बुधवार थांबवणं माझ्या हातात नव्हतं, माझं कोण ऐकणार, मी तर जळकी.

मागच्या खोलीत मशीन चालू होतं ते थांबलं. मीनाक्षी काकू आल्या, गळ्यात टेप, हातात कुणाचा तरी अर्धा ब्लाऊज. काकू आमच्या घरात मोठ्याने बोलत नाहीत. त्या दिवशी पण नाही बोलल्या.

"व्यंकू, तुज छातीत दुखतं काय?"

"अम्मा, ते दुखणं नाही..."

"दुखतं काय एवढंच विचारते मी."

तो खाली बघत म्हणाला, "आवळल्यासारखं होतं. नाचताना. जिना चढताना पण, कधी कधी."

मला तिसरी पायरी आठवली. चप्पल.

काकू म्हणाल्या, "तुझ्या बापास पण व्हायचं. मज पाठ चोळायला सांगायचे. म्हणायचे, कुणास बोलू नको, अण्णास वाईट वाटेल. मी बोलले नाही. गेले तेव्हा सगळ्यांनी माझ्यापुढे हात जोडले, मग कशी बोलणार? अकरा वर्षं भाग्यवान म्हणवून घेते मी." त्यांनी हातातला ब्लाऊज अप्पांसमोर टेबलावर ठेवला. "भाऊजी, बुधवारी माझा मुलगा नाचणार नाही. उद्या मी त्यास तंजावरला नेते. तुम्ही येणार तर या."

सकाळी अप्पा चपला घालून सगळ्यांच्या आधी दारात उभे होते.

मला कुणी ये म्हटलं नाही आणि येऊ नको पण म्हटलं नाही, म्हणून मी बसमध्ये चढले, मागच्या सीटवर. सुंदरपेरुमाळ कोयिल गावापाशी रेल्वे फाटकात बस थांबली, व्यंकूने एकदा वळून बघितलं आणि तोंड फिरवलं. हॉस्पिटलमध्ये आधी ईसीजी, मग एको. त्याला शर्ट काढून पडायला लावलं, छातीवर तो गार चिकट जेल, दार अर्धं उघडं. पडद्यावर काहीतरी राखाडी धडधडत होतं आणि तंत्रज्ञ बाई एकच जागा परत परत बघत होती, परत परत, आणि व्यंकूचे डोळे छताला लागलेले, आणि मी दारातून बोलले, "अण्णा, घाबरू नको."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या आतली भिंत जाड झालीय, रक्त बाहेर जायची वाट अरुंद. अंगात पाणी कमी असलं आणि ठोके जलद झाले की वाट अजून आवळते, डोक्याला रक्त पोचत नाही, माणूस पडतो. पुष्कळदा उठतो. एखाद वेळी उठत नाही. निर्जळी उपास करून तासभर नाचतो म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. "वडलांचं आता कुणी सांगू शकत नाही, पण हे बहुतेक घरातून येतं." मग गोळ्या, दर सहा महिन्यांनी तपासणी. पळायची शर्यत नाही, दोर नाही, वजनं नाही. चालू शकता, सावकाश. आणि रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी एको करून घ्यायचा.

"फायर सर्व्हिस?" व्यंकूने विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. व्यंकूने सवयीने हसायला घेतलं आणि ते जमलं नाही.

तिथेच लगेच केलेला माझा एको चांगला निघाला. अप्पांची भिंत किंचित जाड, उड्या बंद, वर्षाने परत या. बसमध्ये परतताना अप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं काहीतरी बोलतील. तिरुविडैमरुदूरची पाटी असलेली बस शेजारून पुढे गेली तेव्हा एवढंच म्हणाले, "गर्दी आहे आज." मग कुंभकोणम येईपर्यंत माझा हात धरून होते.

व्यंकू तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. पहिल्याच दिवशी कॉलेजातून आले तर माझ्या पलंगावर निळे बूट, नऊ नंबर, वर चिठ्ठी, "तुला माझं सगळं पाहिजे होतं ना? घे." मी ते बूट घातले. माझे पाय आत पोहतात. तसेच घालून दार लावून बसले आणि इतकी रडले की खरंच दम लागला आणि पंप शोधावा लागला.

विसाव्या दिवशी नागलक्ष्मी मॅडमनी त्याला बोलावलं. डॉक्टरांशी बोलून त्यांनी त्याच्यासाठी व्यायाम लिहिला होता. तळ्याभोवती सावकाश चालणं, वीस मिनिटं, नाडी शंभराच्या वर गेली की थांबायचं, आणि एकट्याने नाही. "बरोबर कोण?" मॅडमनी विचारलं. काकू म्हणाल्या, "कीर्ती आहे की. तिलाही चालणंच सांगितलंय."

पहिले दोन दिवस आम्ही दोन अनोळखी म्हाताऱ्यांसारखे चाललो. तिसऱ्या दिवशी तो गळ्यावर दोन बोटं ठेवून घड्याळ बघत थांबला आणि म्हणाला, "ब्याण्णव. तुझ्यामागून एक टीव्हीएस येतेय, पुढचा ब्रेक घासतोय तिचा." मी म्हटलं, "तुझा पण." तो हसला. जुनं हसणं.

"जळून सांगितलंस ना?"

"हो."

"अजून जळतेस?"

"आता गल्लीत सगळ्या तुला विचारतात, बदाम दूध आणून देतात. मला कोण विचारतं? माझी छाती पण वाजते."

"त्या दिवशी दारातून अण्णा म्हणालीस. ऐकलं मी."

"दम लागला होता मला. काहीतरी निघालं तोंडातून."

गेल्या एकादशीची गोष्ट सांगते आणि थांबते. समईशेजारी काकूंनी पाण्याची घागर आणून ठेवली. "ज्याने पाणी घेतलं नाही त्याने फेर धरायचा नाही." शंकरनारायण मामा मंडळातले सगळ्यात जुने, ते उसळले, "एकादशीस पाणी? हे कोणत्या शास्त्रात?" काकू म्हणाल्या, "माझा नवरा कोरड्या घशाने गेला, मामा. ते कोणत्या शास्त्रात?" मामांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी पेला उचलला, फोटोकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांसमोर प्यायले. मग रांग लागली.

आणि हॉलच्या दारात टेबल टाकून व्यंकोजी बसलेला, मॅडमच्या फॉर्मच्या झेरॉक्स घेऊन, मराठीत करून. "मामा, जिना चढताना छातीत आवळतं? नाही म्हणू नका पटकन, विचार करा." "सुंदरी मामी, चक्कर? बीपीची गोळी घेतलीत?" आणि सगळे कसे सांगत होते त्याला! बायकांना कधी न सांगितलेलं सांगत होते. शंकरनारायण मामांना तीन महिने दम लागतोय हे त्या टेबलावर कळलं, त्यांना खुर्ची मिळाली आणि टाळ. लोक पाया पडत नव्हते आता, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत जात होते, एकेक करून. मी बघत होते. आधी नाचून, आता बसून! बसून पण तोच!

माझी पाळी आली. "पंप आणलास?"

"आणलाय."

"छातीत काही?"

"तुला बघून जळजळ."

"त्याला हिरवीच देतात," म्हणाला आणि माझ्या फॉर्मवर खिशातली टिकली लावली.

अप्पा एका जागी उभे राहून गात होते. एकदा त्यांचे पाय उचलायला लागले, व्यंकूने दारातून नुसतं बोट वर केलं आणि अप्पा थांबले. मी गेली पाच वर्षं सांगते बीपीची गोळी घ्या, कधी ऐकलं नाही माझं. पण मी पुढे झाले, फेर जलद झाला होता. तो आता टेबल सोडून समईजवळच्या खांबाला पाठ लावून बसला होता, आणि समईकडे नाही, आमच्या तोंडांकडे बघत होता, कोण पांढरं पडतंय, कोण निळं. प्रत्येक फेरीला त्याच्यापुढून जाताना मी त्याच्या डोक्यावर टपली मारायची. एक. दोन. तीन. प्रत्येक वेळी डोकं तिथेच, गरम, घामेजलेलं.

"अगे बास," सातव्या फेरीला तो म्हणाला, "पुढे हो, तुझा श्वास मोजतोय मी."

मी आठवी मारली.